धड्याखालचा प्रश्न : मराठीच्या तासातील उपक्रमांची पार्श्वभूमी

पाचवी ते आठवीच्या मराठीच्या पुस्तकात धडा संपला की खाली स्वाध्याय येतो आणि वर्गात पुढे काय घडणार हे बहुतेक वेळा त्या स्वाध्यायातच ठरलेले असते. 'एका वाक्यात उत्तर लिहा' असा प्रश्न असेल तर सगळा वर्ग माना खाली घालून लिहू लागतो. 'घरातल्या मोठ्या माणसांना विचारा' असा असेल तर दुसऱ्या दिवशी वर्ग बोलू लागतो. पुण्यातील शिक्षक-प्रशिक्षणांमध्ये सध्या उपक्रम, कृती, शब्दपट्ट्या आणि साहित्यपेटी यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ही सारी गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गोष्ट आहे, असा समज अनेक तरुण शिक्षकांचा झालेला दिसतो. प्रत्यक्षात या विचाराचा माग काढत गेल्यास आपण दीडशेहून अधिक वर्षे मागे जातो आणि त्यातला बराच मोठा भाग याच शहरात घडलेला आढळतो.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, मोडीचे कित्ते होते आणि पाढे-पावक्यांची सामूहिक घोकणी होती. मराठी हा स्वतंत्र विषय मात्र नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेची देखरेख पुढे मेजर थॉमस कँडी यांच्याकडे आली आणि सरकारी शाळांसाठी तयार होणाऱ्या मराठी पुस्तकांच्या भाषेवरही त्यांचीच नजर राहिली. विरामचिन्हांची पद्धत मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज आपण प्रकट वाचनाच्या तासाला मुलांकडून स्वल्पविरामाशी थांबण्याचा आणि प्रश्नचिन्हाशी आवाज चढवण्याचा सराव करून घेतो, त्याची मुळे इथपर्यंत पोहोचतात. त्याच काळात, १८४८ मध्ये, भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि ज्यांच्या घरात पाटी कधी आलीच नव्हती, अशा मुलांना भाषा कशी शिकवावी हा प्रश्न पुण्यात पहिल्यांदाच उघडपणे उभा राहिला.

शिक्षकाला स्वतःला काहीतरी हाताशी हवे असते, ही जाणीवही तेव्हाचीच आहे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख असलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी 'शालापत्रक' हे मासिक चालवले. ते १८७५ मध्ये बंद पडले, पण शिक्षकासाठी दरमहा काही छापून यावे ही कल्पना टिकली. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य यांचा समावेश असावा, असे मांडले. मला या मागणीचे महत्त्व फार वाटते. मुलाने शाळेत जे वाचायचे त्याचा त्याच्या घरच्या कामाशी संबंध असावा, हा आग्रह त्यात आहे, आणि भाषेतल्या प्रत्येक खऱ्या उपक्रमाच्या मुळाशी हाच आग्रह असतो.

यानंतरच्या पन्नास वर्षांत सरकारी क्रमिक पुस्तके उपदेशाकडे अधिकाधिक झुकत गेली. हे वळण बदलले ते पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रल्हाद केशव अत्र्यांनी. लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन ते परतले आणि १९३० च्या दशकात त्यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली. समकालीन लेखकांचे, बोलीच्या जवळ जाणारे आणि मुलांना आपलेसे वाटणारे पाठ तिच्यात होते. वाचनाचा कंटाळा ही मुलाची खोड नसून पुस्तकाचा दोष असू शकतो, हे या वाचनमालेने दाखवून दिले. तिच्या आधीच, १९२० च्या दशकात, पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक झालेले साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी स्वतःच्या हाताने रोजचे हस्तलिखित दैनिक लिहीत होते. आज शाळाशाळांत भित्तिपत्रक आणि हस्तलिखित निघते. बक्षिसासाठी नव्हे, तर उद्या कोणीतरी वाचणार आहे म्हणून लिहायचे, हा त्यामागचा विचार त्या दैनिकात पूर्णपणे उतरला होता. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेत, समवाय पद्धतीला जागा मिळाली. सूतकताई करता करता सुताविषयी बोलायचे, वाचायचे आणि लिहायचे, असे तिचे स्वरूप होते. राज्यभर ती फार काळ टिकली नाही. शिक्षकांच्या बोलण्यात मात्र 'समवाय' हा शब्द आजही येतो.

राष्ट्रीय पातळीवरच्या कोठारी शिक्षण आयोगाच्या काळात पाठ्यपुस्तकांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, स्थापना झाली. पुस्तक स्वस्त झाले, सुबक झाले आणि खेड्यापाड्यांत वेळेवर पोहोचू लागले, हे काम खरोखरच मोठे आहे. मात्र धड्याखालचा प्रश्न लवकर बदलला नाही. 'कोण कोणास म्हणाले', 'संदर्भासह स्पष्टीकरण करा', 'रिकाम्या जागा भरा', 'टिपा लिहा' ही चौकट पिढ्यान्‌पिढ्या कायम राहिली, कारण वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका त्याच चौकटीत येत होती. अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाठ्यपुस्तकांसोबत गाईडांचे गठ्ठे लागत असत ते याच चौकटीच्या बळावर. उत्तर आधीच ठरलेले असेल तर ते विकतही मिळते.

बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केले. हे मासिक परीक्षेच्या बाहेर होते, आणि म्हणूनच कदाचित शिक्षकांना त्याचा सर्वाधिक उपयोग झाला. गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढचा भाग मुलांकडून लिहून घेणे, चित्रावरून संवाद रचणे, कोडी सोडवून नवी कोडी तयार करणे, असे कितीतरी उपक्रम 'किशोर'च्या पानांवरून वर्गात आले. त्याचे जुने अंक आता ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात आणि सहावी-सातवीच्या मराठीच्या शिक्षकाला याहून समृद्ध साहित्य दुसरीकडे क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्याला आली. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. गुरे राखणाऱ्या आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुली त्या वर्गांना येत. मुलांनी काय आत्मसात केले हे पाहण्यासाठी तेथे बालजत्रा भरवल्या जात आणि लेखी परीक्षेची भीती मुलांच्या वाटेला येत नसे. भाषेचे मूल्यमापन आणि भाषेचा उपक्रम ही दोन वेगळी कामे नाहीत, हे तेथे प्रत्यक्षात करून दाखवले गेले. औपचारिक शाळांना तेथवर येण्यास आणखी तीन दशके लागली.

१९९१ मध्ये राष्ट्रीय पातळीवर किमान अध्ययन क्षमता निश्चित झाल्या आणि १९९५ पासून महाराष्ट्रात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन अशी वर्गवारी शिक्षकांच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीत, रूढ झाली. तिने शिस्त आणली खरी, पण भाषण म्हणजे वर्षातून दोनदा पाठ करून म्हटलेले भाषण, असाच अर्थ अनेक ठिकाणी घेतला गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या अनुभवाला आणि घरच्या भाषेला वर्गात स्थान दिले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. माझ्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच आहे. पाचवी-सहावीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचा भार ५० टक्के आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने-तंत्रे देण्यात आली. मुलाच्या बोलण्याला गुणपत्रकात अधिकृत जागा मिळाली.

ही जागा काय करू शकते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या वर्षी मी शहराच्या मध्यवस्तीतल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. पेठांमधल्या देवळांची नावे मुलांनी गोळा करावीत आणि नाव कसे पडले हे घरी किंवा देवळात विचारून यावे, एवढाच उपक्रम होता. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा अशी यादी फळ्यावर झाली. पासोडी म्हणजे काय, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. देवळापाशी फुले विकणाऱ्या बाईंच्या मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की ती अंगावर घ्यायची जाड दुहेरी चादर असते आणि पूर्वी त्या देवळाजवळ तिचा बाजार भरत असे, असे पुजारीबुवा म्हणाले. मग मुले आपापल्या घरातली पांघरुणे सांगू लागली. गोधडी आली, वाकळ आली, घोंगडी आली, सोलापुरी चादर आली. घरी कानडी बोलणारा, जूनपासून तासाला एकदाही तोंड न उघडलेला एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "आमच्यात कंबळी म्हणतात." मी कांबळे आणि कंबळी हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि वर्ग त्या दोन शब्दांकडे पाहत राहिला. त्या मुलाच्या वर्णनात्मक नोंदीत मी त्या दिवशी जे लिहिले, ते लिहिण्यासाठी आधीच्या प्रगतिपत्रकात रकानाच नव्हता.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान अनुभवातून स्वतः घडवते हा विचार सांगणारा शब्द, गावोगावी पोहोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका गटातल्या) शाळा पाहण्यासाठी पुण्यातूनही शिक्षकांच्या बस भरून गेल्या आणि वर्गांच्या फरशा अक्षरांनी व आकृत्यांनी रंगल्या. लहान वर्गांना त्याचा लाभ झाला. पाचवीच्या पुढे मात्र रंगवलेली फरशी पुरत नाही. तेथे मुलाला वाद घालायला, मुलाखत घ्यायला, आपलाच मसुदा पुन्हा लिहायला शिकायचे असते आणि त्या वयासाठी साहित्य कमीच तयार झाले. याच सुमारास आलेल्या नव्या पाठ्यपुस्तकांत धड्याखाली 'खेळूया शब्दांशी', 'चर्चा करूया' अशी सदरे आली, तर दहावीच्या नव्या पुस्तकांसोबत प्रश्नपत्रिकेच्या जागी, प्रश्नांऐवजी कृती देणारी, कृतिपत्रिका आली. कृतिपत्रिकेने खालच्या वर्गांनाही आकार दिला, मात्र बाजारात तिचेही तयार संच लवकरच मिळू लागले. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली, त्यामुळे या दोन इयत्तांत फेब्रुवारीनंतर उपक्रमांचे तास सरावाकडे वळतात, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहता येईल.

त्याच २०२३-२४ या वर्षी दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून प्रत्येक धड्यानंतर 'माझी नोंद' या शीर्षकाची कोरी पाने जोडण्यात आली. प्रश्न न छापता मुलांच्या हाती पान देण्याचा हा प्रयत्न होता. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागच्या जूनमध्ये मी या चार भागांच्या पुस्तकांचा एक गठ्ठा चाळला. बहुतेक 'माझी नोंद' कोऱ्या होत्या, काहींवर फळ्यावरचे शब्दार्थ उतरवलेले होते. सहावीच्या एका पुस्तकात मात्र पेन्सिलीने, ओळ सोडून, लिहिले होते : "हा धडा ज्यांनी लिहिला त्यांचं गाव कुठलं? तिथली माणसं आमच्यासारखी बोलतात का?"