दरबार (मराठवाड्यातील बुवांची नेतृत्वपद्धती)

एखादा बुवा, महाराज किंवा अंगात येणारी बाई ठरलेल्या वारी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकते, त्या बैठकीला आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या सत्तेला दरबार म्हणतात. ‘गुरुवारी दरबार असतो’ एवढे सांगितले की मराठवाड्यात पुढचे सांगावे लागत नाही. सूफी पीरांच्या ठिकाणांनाही हाच शब्द लागतो. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखाला दरबार, गादी, हुकूम ही भाषा परकी वाटत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याने सत्तेचे तीन प्रकार मानले : परंपरेची, कायद्याची आणि करिष्म्याची. करिष्मा या ग्रीक शब्दाचा अर्थ कृपेने मिळालेली देणगी. आपल्या बोलीत प्रसादच. ही देणगी माणसात खरोखर आहे की नाही याला वेबर महत्त्व देत नाही. अनुयायी ती मानतात, म्हणून तिची सत्ता चालते. मात्र ती वरचेवर सिद्ध करावी लागते; बराच काळ प्रचीती आली नाही की लोक पांगतात. बुवाचे खरे कसब या अटीतून सुटण्यात आहे.

दरबारात बुवा फार बोलत नाही. बोलतात ते सेवेकरी. चपला काढताना, पाण्याच्या टाकीपाशी, रांगेत नंबर देताना ‘कुठून आलात, काय त्रास’ ही चौकशी आपुलकीनेच होते, आणि माणूस पुढे जाण्याआधी त्याची हकिगत आत पोहोचलेली असते. जिथे ती पोहोचत नाही, तिथे अंदाज पुरतो. ‘माय, बांधाचं भांडण कधीचं हाय?’ असे विचारले की समोरची बाई थरारते. बांधावरून वाद नाही असे शेतकऱ्याचे घर शोधूनही सापडणार नाही, हे तिच्या ध्यानात येत नाही. आटलेले बोअर, लग्न न जुळणारा मुलगा, लेकरू न होणारी सून, दारू, कर्ज : प्रश्न मोजकेच असतात आणि बुवाला ते पाठ असतात. चुकलेला अंदाज घरी जाईपर्यंत विसरला जातो. बरोबर आलेला मात्र लग्नात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर सांगितला जातो, आणि दर वेळी थोडा वाढतो. बुवाची कीर्ती बुवा पसरवत नाही.

उपाय नेहमी अटींसह दिला जातो. पाच गुरुवार करा, अंगारा लावा, मांसाहार टाळा, उतारा मागे वळून न बघता टाका. गुण आला तर तो बुवाचा. आला नाही तर एखादा गुरुवार चुकला असेल, वाटेत कुणी मागे पाहिले असेल, घरात कुणाच्या मनात शंका असेल. ‘बाहेरचं’ भारी निघाले, भावकीतल्या कुणी करणी केली, भानामती आहे, हेही उत्तर तयार असते, आणि मग संशय नात्यातल्याच एखाद्या विधवेवर जातो. अपयशाचे खाते असे कायम भक्ताच्या नावावर राहते. वेबरची अट इथे बिनबोभाट निकालात निघते.

पैशाचेही तसेच. ‘येथे पैसे घेतले जात नाहीत’ अशी पाटी असते, आणि खरोखर बुवा हात लावत नाही. नारळ-अगरबत्तीचे दुकान नात्यातल्या कुणाचे असते. सकाळी विकलेला नारळ दुपारी मागच्या दाराने पुन्हा दुकानात येतो. दानपेटी असते, अन्नदानाची पावती असते, धान्याची पोती येतात. पंगत मात्र खरी असते. ऊसतोडीवरून परतलेल्या किंवा घरात कुणी विचारत नसलेल्या माणसाला तिथे वाढपी म्हणून मान मिळतो, आणि त्या मानापायी तो सेवेकरी होतो. भक्तांना भोळे म्हणून मोकळे होणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही.

मराठवाडा संतांचा मुलूख. पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबा इथलेच. दरबार या परंपरेतून गळ्यातली माळ, सप्ताह, टाळ, ‘माउली’ हे संबोधन, सगळे उसने घेतो. एकच गोष्ट उलटी करतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा लहान असला तरी. दरबारात पाया पडणे एकाच दिशेने चालते. तिथे माउली एकच असतो, बाकीचे नंबर असतात. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कुणाला पायाला हात लावू देत नसत आणि आपला कुणी शिष्य नाही म्हणत. लाखोंना बांधून ठेवणारा करिष्मा त्यांच्याकडेही होता, त्यामुळे दोष करिष्म्याला देता येत नाही.

परदेशातल्या पंथांशी तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा. जिम जोन्स या पंथप्रमुखाने अनुयायांना अमेरिकेतून गयानाच्या जंगलात नेऊन नातलगांपासून तोडले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे नऊशेहून अधिक माणसे मेली. मराठवाड्यातला भक्त संध्याकाळच्या गाडीने घरी परततो. त्याला तोडावे लागत नाही, कारण पकड घरातूनच असते : सासू जाते म्हणून सून जाते, आणि सोयरीकही ‘आपल्या दरबारातली’ पाहिली जाते. निवडणुकीच्या आधी उमेदवार दर्शनाला येतात, त्याचा फोटो भिंतीवर लागतो. पुढे तक्रार करू पाहणाऱ्याला तो फोटो दिसतोच.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. कीर्तन, प्रवचन, वारी, हरिपाठ यांना तो लागू नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, भूत उतरवण्यासाठी मारहाण, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लैंगिक शोषण हे गुन्हे आहेत. ‘पाच गुरुवार करा’ एवढेच सांगणाऱ्यावर बोट ठेवणे अवघड. आणि फसलेल्या घराला लाज फसवणुकीपेक्षा मोठी वाटते.

बुवा वारल्यावर समाधी बांधली जाते आणि मुलगा किंवा पुतण्या गादीवर बसतो. वेबरने सांगितलेले करिष्म्याचे नित्यक्रमात रूपांतर ते हेच. नव्या माणसाला वडिलांसारखे वारे येत नसले तरी चालते. प्रश्न समाधीपुढे मांडले जातात आणि तो फक्त अंगारा देतो. वारस दोन निघाले तर गुरवांच्या पाळ्यांसारखे वार वाटून घेतात : गुरुवार थोरल्याचा, अमावस्या धाकट्याची.