कूळ की श्रद्धा? ज्यू असण्याच्या वादाची पार्श्वभूमी

१९६२ साली इस्रायलमध्ये दोन प्रकरणं गाजत होती. पहिलं ऑस्वाल्ड रुफायझेन यांचं. पोलंडच्या ज्यू घरात जन्म, नाझींच्या काळात मीर गावच्या घेट्टोतल्या (कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) ज्यूंना पळून जायला मदत केलेली. पण लपून राहत असताना ते कॅथलिक झाले आणि पुढे ‘ब्रदर डॅनियल’ नावाचे संन्यासी. ज्यूंना इस्रायलचं नागरिकत्व देणाऱ्या ‘परतीच्या कायद्या’नुसार त्यांनी नागरिकत्व मागितलं. ज्यू आईचं मूल धर्म सोडला तरी ज्यूच, असं धर्मशास्त्र सांगतं. तरीही धर्मशास्त्राला बांधील नसलेल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

दुसरं आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आचार पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, पण इस्रायलच्या मुख्य रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) शंका कुळाची: लग्न लावण्याआधी आई-आजीकडची वंशावळ तपासा, असा आदेश निघाला. बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरण्याला बसले, तेव्हा १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. एकाकडे जन्म होता, दुसऱ्यांकडे आचार, अडले दोघंही.

हा पेच बायबलइतका जुना आहे. धर्मगुरू एज्रा परक्या बायकांना घराबाहेर काढायला लावतो. त्याच ग्रंथात मवाबची रूथ दावीद राजाची पणजी ठरते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ज्यू शासक हिर्कानसने शेजारच्या इदोमींना सक्तीने ज्यू केलं. येमेनच्या हिम्यार राजांनी तर आपणहून हा धर्म धरला. ख्रिस्ती रोमन सम्राटांनी मात्र ज्यू धर्मात येणं गुन्हा ठरवलं. ज्यू धर्मप्रसार करत नाहीत, असं म्हणताना ही बंदी सहसा विसरली जाते. अर्थात, परक्याला तरायला नोहाचे सात नियम (साऱ्या मानवजातीसाठीचे मूलभूत नियम) पुरेसे मानल्यामुळे प्रसाराची निकडही नव्हती.

बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने थोर ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीसला विचारलं, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणू का? उत्तर आलं: बेलाशक म्हण, अब्राहाम तुझाही बाप. म्हणजे श्रद्धेने आलेल्यालाही कूळ मिळतं, दत्तक मुलासारखं.

‘धर्म की वंश’ ही चिरफाड मात्र आधुनिक युरोपची. नागरिकत्व हवं तर वेगळं राष्ट्र म्हणून राहू नका, हा फ्रेंच क्रांतीतला सूर; आम्ही राष्ट्र नव्हे, धार्मिक समाज, हे १८८५ मध्ये पिट्सबर्गला अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी जाहीर केलं. इस्रायलने १९७० मध्ये दोन्ही दोर धरून ठेवले: ज्यू म्हणजे ज्यू आईचा किंवा धर्मांतरित, पण अन्य धर्माचा नसलेला, परतीचा हक्क मात्र ज्यू व्यक्तीच्या नातवंडांनाही. त्यामुळे आजोबांच्या नात्यावर नागरिक झालेल्यांचं लग्न रब्बी लावत नाहीत, आणि देशात नागरी विवाहाची सोय नसल्याने अनेक जोडपी सायप्रस गाठतात.