शब्दांभोवतीची चौकट (वर्ड प्रोसेसर)

परिच्छेदातल्या एखाद्या शब्दाला, शब्दसमूहाला किंवा एकट्या अक्षराला चारी बाजूंनी रेघ देण्याची वर्ड प्रोसेसरमधील सोय. परिच्छेदाला दिलेली चौकट सगळ्या मजकुराला कवेत घेते. शब्दाची चौकट मात्र ठळक किंवा तिरप्या ठशासारखी अक्षरांनाच चिकटलेली असते. मजकूर पुढेमागे झाला तरी ती शब्दाबरोबर सरकते. वेगळा आयत काढून शब्दावर बसवला, तर त्याच ओळीत आधी दोन शब्द वाढताच आयत जागेवर राहतो आणि शब्द बाहेर निसटतो. म्हणून तो मार्ग टाळावा.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शब्द सिलेक्ट करून ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’ उघडतात, ‘बॉक्स’ निवडतात आणि ‘अप्लाय टू’ या रकान्यात ‘टेक्स्ट’ ठेवतात. तिथे ‘पॅराग्राफ’ राहिले की अख्खा परिच्छेद चौकटीत जातो. नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते आणि तिचे कारण सहसा दिसत नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एंटरचे चिन्ह दडलेले असते. शब्दांबरोबर तेही सिलेक्ट झाले, तर वर्ड चौकट परिच्छेदाला देऊ शकतो. शेवटचा शब्द निवडताना ते चिन्ह वगळावे लागते. चौकटीला लागून पुढे टाइप केलेला मजकूरही चौकटीतच जाऊ लागला, तर कंट्रोल आणि स्पेसबार एकदम दाबावे. पुढची अक्षरे साधी उमटतात.

वर्डच्या डॉकएक्स फाइलमध्ये शब्दाच्या चौकटीसाठी रेघेची एकच नोंद असते, त्यामुळे चारही बाजू सारख्याच राहतात. लिब्रेऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये ही सोय 2014 साली, 4.2 या आवृत्तीत आली. तिथे प्रत्येक बाजू वेगळी ठरवता येते, आतली मोकळी जागा आणि सावलीही देता येते. फाइल डॉकएक्समध्ये साठवली की बाजूंचे हे वेगळेपण टिकत नाही. शेजारच्या दोन शब्दांना सारखीच चौकट दिली आणि मधली स्पेसही तिच्यात घेतली, तर दोन्ही शब्द एकाच चौकटीत येतात. वेगळ्या चौकटी हव्या असतील तर ती स्पेस मोकळी सोडावी.

देवनागरीत या सोयीचे मोल अधिक आहे. व्याकरणाच्या सरावपत्रिकेत ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असा प्रश्न नेहमीचा. पण ‘गुरू’, ‘कुत्रा’ अशा शब्दांखालची रेघ उकारांना भिडते आणि लहान मुलांना ऱ्हस्व-दीर्घ नीट दिसत नाही. चौकटीची खालची रेघ सहसा उकाराच्याही खाली पडते. चौकटीची उंची साधारणपणे फॉन्टच्या मापावर ठरते, त्यामुळे वेलांटी किंवा रफार नसलेल्या ‘मन’सारख्या शब्दावरही वर जागा सुटलेली दिसते. तो दोष समजू नये. ओळींमधले अंतर फार कमी केले असेल तर मात्र वरच्या-खालच्या ओळींतल्या चौकटी एकमेकींना टेकतात. तेव्हा अंतर वाढवणे हाच सरळ उपाय.

संगणकाच्या माहितीपुस्तिकांत कीबोर्डवरील कळांची नावे अशा चौकटीत छापण्याचा प्रघात आहे. अशा लांबलचक कामात प्रत्येक शब्दाला हाताने चौकट देण्याऐवजी तिची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे अक्षरांच्या सजावटीचा नाव देऊन साठवलेला नमुना, बनवावी आणि ती त्या शब्दांना लावावी. पुढे रेघेचा रंग वा जाडी बदलायची झाल्यास ती स्टाइल एकदा बदलली की पुस्तिकेतली प्रत्येक चौकट बदलते.