शेतकऱ्याच्या की शेतकऱ्यांच्या? एका टिंबाची पार्श्वभूमी

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चे येतात आणि सीताबर्डीपर्यंत फलकच फलक दिसतात. 'शेतकऱ्याच्या मागण्या' लिहिले, तर मागणारा एकटा पडतो. 'शेतकऱ्यांच्या' लिहिले की मागे सगळी गावे उभी राहतात. फरक डोक्यावरच्या एका टिंबाचा, आणि नेमके तेच हल्ली सर्रास गळते.

जुन्या मराठीत टिंबांची दाटी होती. 'नांव', 'कांहीं', 'करणें', 'घरीं', 'मीं' असेच लिहीत. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशातही हीच पद्धत दिसते. ही टिंबे उगाच नव्हती. कुठे ती नपुंसकलिंग दाखवीत, कुठे विभक्ती. पण बहुतेकांच्या बोलण्यातून तो नाकातला उच्चार गेला, टिंब मात्र कागदावर राहिले. कानाला न ऐकू येणारी खूण मुलांनी नुसती पाठ करायची, असा तो प्रकार झाला.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि 1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याच्या मूळ चार घटक संस्थांपैकी एक आपला विदर्भ साहित्य संघ. 1923 मध्ये अमरावतीत स्थापन झालेला हा संघ पुढे नागपूरला आला. महामंडळाने 1962 मध्ये लेखनाचे 14 नियम ठरवले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले. शासनानेही ते स्वीकारले. न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यात गेले, आणि ते योग्यच झाले.

पण याच नियमांनी एक टिंब मुद्दाम राखले. अनेकवचनी शब्दाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना ते द्यायचेच: 'लोकांना', 'मुलांनी', 'घरांपुढे'. आदरार्थी बहुवचनातही तसेच. माझ्या मते गोंधळ इथेच झाला. 'अनुस्वार गेले' एवढे लोकांच्या लक्षात राहिले, काय राहिले ते विसरले. या टिंबाचा उच्चारही ओझरता, त्यामुळे चूक कानाला खटकत नाही.

नियमाप्रमाणे 'तुम्हांला' हवे, तरी छापील मजकुरात 'तुम्हाला' रुळले आहे. त्याने अर्थ बिघडत नाही, कारण 'तुम्हा' हे रूप एकवचनात येतच नाही. निमंत्रणपत्रिकेवर 'अध्यक्षाच्या हस्ते' छापले, तर मात्र ज्यांना मानाने बोलावले त्यांचाच मान जातो.