भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती जंगलाची फाइल

केरळच्या पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधावे की नाही, हा वाद 1980च्या दशकाच्या सुरुवातीला विकोपाला गेला होता. त्याच्या अभ्यासासाठी नेमलेल्या केंद्र व केरळ यांच्या संयुक्त समितीचे अध्यक्षपद वनस्पतिशास्त्रज्ञाकडे नव्हे, तर विश्वकिरणांचे संशोधक एम. जी. के. मेनन यांच्याकडे होते. मुंबईला हे नाव परके नाही. तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून, ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करून ते 1955 मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ही संस्था त्या वेळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. जानेवारी 1966 मध्ये भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाल्यावर चाळिशीही न गाठलेले मेनन तिचे संचालक झाले.

मेनन यांचे सर्वांत गाजलेले संशोधन कोलारच्या सोन्याच्या खाणीतले. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की म्यूऑन आणि न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण तयार होतात. म्यूऑन खडकात हळूहळू शोषले जातात, न्यूट्रिनो मात्र अख्खी पृथ्वी सहज पार करतो आणि क्वचितच एखाद्या अणुकेंद्रावर आदळतो. म्हणून जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल उपकरणे मांडली गेली. इतक्या खोलवर पोहोचणारे उरलेसुरले म्यूऑन जवळजवळ सरळ वरूनच येतात, कारण तिरका मार्ग खडकातून फार लांब पडतो. साहजिकच आडव्या दिशेने आलेला कण न्यूट्रिनोच्या आघातातून जन्मला असावा, असा तर्क होता. ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसह केलेल्या या प्रयोगात 1965 मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. मोजक्या नोंदींवर विसंबायचे तर आधी बाकीच्या सगळ्या शक्यता छाटाव्या लागतात, आणि माझ्या मते मेनन यांनी दिल्लीला नेलेली खरी शिदोरी ती हीच.

दिल्लीत त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स, संरक्षण संशोधन, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद अशी पदे एकामागून एक आली. 1980 मध्ये केंद्राने स्वतंत्र पर्यावरण विभाग स्थापन केला, तेव्हा त्याचे सचिवपदही त्यांनी सांभाळले.

सायलेंट व्हॅलीत पाण्याखाली जाणारे क्षेत्र जेमतेम आठ चौरस किलोमीटर होते, त्यामुळे ‘एवढ्याशा जंगलासाठी वीज का सोडायची?’ हा धरणाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटे. आरेच्या वादात मुंबईकरांनी तो वेगळ्या शब्दांत ऐकलाच आहे. पण सदाहरित वनात केवळ क्षेत्रफळ पुरेसे नसते. तिथले सिंहपुच्छ माकड बहुतेक आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढते आणि इतर फळांच्या टंचाईच्या काळात मोजक्या वृक्षजातींवर तगते. फांद्यांची सलगता तुटली की त्याचे कळप एकमेकांपासून अलग पडतात. बुडणारा भाग नदीकाठचा, म्हणजे खोऱ्याच्या मधोमधचा होता. वीज अन्य मार्गाने मिळवता येते, हे जंगल मात्र पुन्हा उभे करता येत नाही, हा फरक हिशेबात धरल्याशिवाय तुलनाच होऊ शकत नव्हती. समितीत माधव गाडगीळ यांच्यासारखे परिसरशास्त्रज्ञ होते. 1983 मध्ये अहवाल आला, त्याच वर्षी प्रकल्प सोडून देण्यात आला आणि 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

पुढे 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात मेनन राज्यमंत्री झाले. खाती विज्ञान-तंत्रज्ञान आणि शिक्षण ही होती, पर्यावरण नव्हे. आणि ते सरकार वर्षभरही टिकले नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने मंत्रिपदापेक्षा त्यांची समितीच महत्त्वाची ठरली, असे मला वाटते. प्रकल्पाचे निसर्गावरील परिणाम आधी तपासण्याचे असे काम, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन, केंद्राच्या 1994च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकल्पांसाठी बंधनकारक केले खरे, परंतु मूल्यांकनाचा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे मानधन प्रकल्प उभारणाराच देतो.