इटॅलिक मुद्राक्षर

रोमन लिपीच्या छपाईतील, इटलीतील मानवतावादी (प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येच्या अभ्यासक) विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून घडवलेला मुद्राक्षरप्रकार. तिरपेपणा हे त्याचे प्रथमदर्शनी लक्षण. पण सरळ रोमन अक्षर नुसते कलते केल्याने इटॅलिक होत नाही. लेखणीची धावती लय हा त्याचा गाभा आहे. त्यामुळे छोटा ‘ए’ एकमजली (वरची कमान नसलेला) होतो, बहुधा ‘एफ’ची दांडी ओळीखाली उतरते आणि आडव्या सेरिफांच्या (अक्षराच्या टोकांवरील छोट्या रेषांच्या) जागी लेखणी टेकता-उचलताना उमटणारे बारीक फराटे येतात.

व्हेनिसचे मुद्रक आल्दो मानुझिओ यांच्यासाठी बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी या अक्षराचे पहिले ठसे कोरले. १५०० मध्ये छापलेल्या सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रसंग्रहातील एका चित्रात त्यातले मोजके शब्द दिसतात. संपूर्ण ग्रंथ म्हणून एप्रिल १५०१ मधील रोमन कवी व्हर्जिलची अष्टपत्री (तावाची आठ पत्रे करून बांधलेली, लहान आकाराची) आवृत्ती पहिली. मूळ नमुना कोणाच्या अक्षराचा, हा जुना वाद आहे. कवी पेत्रार्कच्या हस्ताक्षराची कथा आता कोणी ग्राह्य धरत नाही. काही अभ्यासक पादुआचे लेखनिक बार्तोलोमेओ सान्वितो यांच्याकडे, तर काही पोंपोनिओ लेतो यांच्याकडे बोट दाखवतात. ही वळणदार लेखनशैली फ्लॉरेन्समध्ये सु. १४२० पासून, निक्कोलो निक्कोली यांच्या काळी, रुजू लागली होती. म्हणून एका व्यक्तीच्या अक्षरापेक्षा सुशिक्षितांत रुळलेले वळणच ग्रिफोंसमोर असावे, हे मत अधिक संभाव्य वाटते.

श्रेयाचाही वाद झाला. आल्दो यांनी व्हेनिसच्या शासनाकडून या अक्षराला संरक्षण मिळवले; तरी फ्रान्समधील लियाँच्या मुद्रकांनी नकला केल्याच. पुढे ग्रिफो आल्दोंपासून वेगळे झाले आणि १५०३ मध्ये मुद्रक सोन्चिनो यांनी फानो येथे छापलेल्या पेत्रार्कच्या काव्यात या अक्षराचे खरे जनक ग्रिफोच असल्याचे जाहीर केले. अक्षर कोरणाऱ्या कारागिराचे नाव असे नोंदले जाणे त्या काळी विरळाच, म्हणून या उल्लेखाचे मोल मोठे.

कागद वाचवण्यासाठी हे अक्षर घडले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र पद्यग्रंथात दर ओळीला एकच चरण येत असल्याने अरुंद अक्षराने पाने फारशी घटत नाहीत. लहान आकाराच्या पानावर चरण न तुटता मावतो, एवढा लाभ निश्चित. सुरुवातीच्या या ठशांत मोठी अक्षरे सरळच होती. ती तिरपी करण्याची चाल नंतरची.

डौलाच्या दृष्टीने लुदोविको देल्यी अर्रिगी यांचे रोममधील ठसे (सु. १५२४) श्रेष्ठ मानावे लागतात. पोपच्या कचेरीत लेखनिक राहिलेल्या या सुलेखनकाराच्या अक्षरांत उंच, मोकळ्या दांड्या दिसतात. फ्रेडरिक वॉर्ड यांनी १९२५ च्या सुमारास त्यांचे पुनरुज्जीवन केले आणि ब्रूस रॉजर्स यांच्या ‘सेंटॉर’ या सरळ अक्षराला जोड म्हणून ते मोनोटाइप या अक्षरजुळणी यंत्रासाठी उपलब्ध झाले.

सोळाव्या शतकाच्या ओघात इटॅलिक स्वतंत्र ग्रंथाक्षराऐवजी रोमनचे साहाय्यक बनले: ग्रंथनामे, परभाषी शब्द, भर, जीवशास्त्रीय नावे. देवनागरीत अशी परंपरा नाही. मराठीची धावती लिपी मोडी होती, पण छपाईत ती बालबोधीची जोडीदार झाली नाही. संगणकावर दिसणारी तिरपी देवनागरी बहुधा सरळ अक्षराला दिलेला कलच असतो.