प्लाझ्मा एक्सचेंज आणि मार्स: दोघांनाही ‘लिव्हरचं डायलिसिस’ म्हणतात, पण काम वेगळं

मावसभावाची कावीळ लिव्हरवर गेली, चोपड्याहून जळगाव, तिथून मुंबई, आणि तिकडे प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे रक्तातला पातळ पिवळट भाग बदलणं, सुरू झालं तर मामांनी गावाकडे फोन करून सांगून टाकलं की डायलिसिस लावलंय, म्हणजे किडनीपण गेली. मावशी दोन दिवस जेवली नाही. किडनी चांगली होती त्याची. म्हणून लिहितेय.

साधं डायलिसिस युरियासारखी पाण्यात विरघळलेली घाण काढतं. लिव्हर बंद पडल्यावर साचणारं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं आणि ते प्रोटीन डायलिसिसच्या जाळीतून जातच नाही.

मार्स नावाच्या मशीनमध्ये जाळीच्या पलीकडे अल्ब्युमिनचंच द्रावण फिरवतात, ते घाण ओढून घेतं, मग कोळशाच्या कॉलममधून वगैरे ते साफ करून परत वापरतात. आपल्या केळीच्या ड्रिपचा फिल्टर आठवा, पाणी तेच, फक्त गाळलेलं.

प्लाझ्मा एक्सचेंज म्हणजे हौद उपसून नवं पाणी भरणं. पेशंटचा प्लाझ्मा काढून टाकतात आणि रक्तदात्यांचा देतात. त्यामुळे घाण तर जातेच, वरून रक्त गोठवणारे घटकही मिळतात, जे मार्स देऊ शकत नाही. पण रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात, कुणाला अ‍ॅलर्जी होते, म्हणून असं काही वाटलं की लगेच सिस्टरला सांगा.

जीव कशाने वाचतो? लिव्हर अचानक फेल झालेल्या 182 पेशंटवरचा युरोपातला अभ्यास 2016 मध्ये आला, त्यात तीन दिवस भरपूर प्लाझ्मा बदललेल्यांपैकी 58.7 टक्के वाचून घरी गेले, बाकीच्यांत 47.8. मार्सचा 2013 चा मोठा अभ्यास आधीपासून सिरॉसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा जुना आजार) असलेल्यांवर होता, त्यात 28 दिवसांच्या जगण्यात फरक दिसला नाही. पेशंटच वेगळे, त्यामुळे सरळ तुलना नको, पण माझा कल प्लाझ्माकडे.

आणि हे नीट वाचा. प्लाझ्मानंतर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) सुधारतो तो दात्याच्या प्लाझ्मामुळे, मार्सनंतर बिलिरुबिन उतरतं ते मशीनमुळे. लिव्हर त्यात अजून जागं झालेलं नसेल, म्हणून पेशंट गुंगीत जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून ट्रान्सप्लांटची चौकशी थांबवू नका. आम्ही रोज सकाळी डॉक्टरांना हेच विचारायचो, कालच्या प्लाझ्मानंतर रात्रभरात बिलिरुबिन परत किती चढलं.